पाख्यावरील हिम आणि वळचणीचा बर्फ

मराठीत ‘बर्फ’ हा शब्द आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमालाही लावतात आणि पाणी गोठून झालेल्या टणक पदार्थालाही. ज्या फारसीतून तो आला, तीत ‘बर्फ’ म्हणजे हिम. गोठलेल्या पाण्यास तेथे ‘यख’ असा निराळा शब्द आहे. महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नसल्याने ह्या संदिग्धतेमुळे व्यवहारात काही अडत नाही. परंतु शीत प्रदेशांतील छपरांचा प्रश्न समजून घ्यावयाचा तर हा भेद प्रथम केला पाहिजे. कारण हिम आणि बर्फ ह्यांचे उपद्रव भिन्न आहेत, आणि त्यांवरील उपायही भिन्न आहेत.

हिमाचा उपद्रव भाराचा आहे. ताजे हिम हलके असते; पण दबून बसलेल्या हिमाचे वजन घनमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम धरले, तर अर्धा मीटर जाडीच्या थरामुळे १०० चौरस मीटरांच्या छपरावर १० टन ओझे पडते. जपानच्या हिमप्रदेशात छपरावर चढून हे ओझे फावड्याने खाली लोटण्याच्या कामास ‘युकिओरोशी’, म्हणजे ‘हिम उतरविणे’, असे नाव आहे. शिराकावा-गो येथील जुन्या घरांची पाखी जोडलेल्या हातांप्रमाणे उभी असतात, ती हिम फार साचू नये म्हणून. हे काम जोखमीचे आहे. २००५-०६ च्या हिवाळ्यात जपानमध्ये अतिहिमवृष्टीमुळे १५२ माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य हिम काढण्याच्या कामात, आणि सुमारे दोन-तृतीयांश ६५ वर्षांवरील होती. म्हणून शक्य तेथे जमिनीवरच उभे राहून लांब दांड्याच्या दंताळ्याने हिम ओढावे, आणि छपराचे आच्छादन खरवडू नये म्हणून तळाचा पातळ थर तसाच ठेवावा, हे श्रेयस्कर.

बर्फाची गोष्ट वेगळी. कॅनडासारख्या देशांत घरे आतून तापवितात. ती ऊब फटींतून माळ्यावर शिरते व पाखे तापते. वरच्या हिमाचा थर ही उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे तो तळाशी वितळू लागतो. ते पाणी ओघळून वळचणीशी येते. वळचण भिंतीच्या बाहेर असल्याने तिच्याखाली ऊब नसते. तेथे पाणी पुन्हा गोठते आणि बर्फाचा बांध तयार होतो. त्यामागे पाणी तुंबते. एकावर एक चढविलेले आच्छादन कौलांप्रमाणेच वाहत्या पाण्यासाठी योजिलेले असते, तुंबलेल्या पाण्यासाठी नव्हे. म्हणून ते पाणी उलट चढून घरात झिरपते. वळचणीला लोंबणाऱ्या गोठलेल्या पागोळ्या शोभिवंत दिसत असल्या, तरी बहुधा त्या ह्याच दोषाची खूण असतात.

हा बांध कुऱ्हाडीने फोडल्यास आच्छादन फुटते. मीठ टाकल्यास धातूच्या पन्हळी गंजतात. विजेच्या तापतारा पाण्याला वाट करून देतात, पण कारण नाहीसे करीत नाहीत. खरा उपाय घराच्या आत आहे: माळ्याकडे जाणाऱ्या फटी प्रथम बुजवाव्या, मग छतावर उष्णतारोधक थर द्यावा, आणि पाख्याखालून वळचणीपासून आढ्यापर्यंत थंड हवा खेळती ठेवावी. तात्पर्य, हिमाचा भार बाहेरून उतरविता येतो. बर्फ टाळावयाचा तर घरातील ऊब घरातच राखून छप्पर थंड ठेवले पाहिजे.