नवा खुबा, जुन्या सवयी

म्हातारपण आले की पाय दुखायचेच, असे आपल्याकडे घरोघर गृहीत धरलेले असते. त्यामुळे वडीलधारे माणूस आधी जिना टाळते, मग देवळात जाणे सोडते आणि शेवटी खिडकीजवळची खुर्ची हेच त्याचे जग होऊन बसते. ह्या दुखण्याचे मूळ पुष्कळदा खुब्याच्या सांध्यात असते. तो झिजला की कळ बहुधा जांघेत येते. कधी तर नुसता गुडघाच दुखतो, आणि खुब्याचा कुणाला संशयही येत नाही.

माझ्या आईचा खुबा तिच्या ७१व्या वर्षी बदलला. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतो. मधली गुळगुळीत कूर्चा झिजली की हाडावर हाड घासू लागते. शस्त्रक्रियेत हा माथा काढून तेथे धातूचा दांडा व त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवतात आणि वाटीही नवी घालतात. ही विद्या रुळवली ती इंग्लंडमधील जॉन चार्नली ह्या शल्यविशारदाने. प्रथम त्याने टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांतच झिजली. मग १९६२ साली त्याने चिवट जातीच्या पॉलिथिलीनची वाटी बसवली, आणि ती टिकली. २०१९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाहणीप्रमाणे १०० पैकी सुमारे ५८ खुबे २५ वर्षे टिकतात.

शस्त्रक्रियेला साधारण एक ते दोन तास लागतात. बहुधा कमरेखालचा भाग बधिर करतात. घरच्यांना खरे नवल वाटते ते पुढेच. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रोग्याला वॉकर देऊन चक्क उभे करतात! आईला उभे केले तेव्हा भेटीला आलेल्या मावशीला राहवले नाही. “अगं, जरा पडू दे की तिला!” ती व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला म्हणाली. मुलगी हसून म्हणाली, “पडून राहिल्या तर पायात रक्ताच्या गुठळ्या होतील, मावशी.” ह्याच भीतीने रक्त पातळ ठेवणारे औषध काही आठवडे देतात आणि पडल्यापडल्या पावले वरखाली हलवायला लावतात.

शल्यविशारदाचे काम दोन तासांत संपते; घरच्यांचे मग सुरू होते. पहिले सहा ते बारा आठवडे नवा गोळा वाटीतून निसटण्याची भीती अधिक. म्हणून बहुतेकांना सांगतात की खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. आणि आपली रीत पाहावी तर नेमकी उलट! पाटावर मांडी, उकिडवे बसून केर, वाकून नमस्कार, खाली बसायचा संडास. तेव्हा रोगी घरी येण्याआधीच उंच कमोड, हातांची उंच खुर्ची आणि न्हाणीघरात धरायला दांडा ह्यांची सोय करावी. पाय अडकतील अशा सतरंज्या गुंडाळून ठेवाव्यात. काठी धरायची ती दुसऱ्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी.

पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी आले, ताप चढला किंवा पाय एकाएकी आखूड वा वळलेला दिसला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तडक इस्पितळात न्यावे.

आईला वेदनेपेक्षा जड गेले ते दुसऱ्याने पायात चप्पल सरकवून देणे. “मी काय कुकुलं बाळ आहे?” असे ती रोज विचारी. मग आमच्या हिने लांब दांड्याचा चिमटा आणून दिला, आणि आई त्याने चपलाच काय, माझी पडलेली पेनेही उचलू लागली. तिसऱ्या महिन्यात ती काठी टेकत एकटीच खाली जाऊन मेथीची जुडी घेऊन आली. जुडी जरा कोमेजलेलीच होती. पण त्या दिवशीच्या भाजीला नावे ठेवण्याची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

पुन्हा मांडी घालता येईल का, हे ज्याने त्याने आपल्या शल्यविशारदालाच विचारावे. सर्वांना एकच उत्तर नसते. शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच असेही नाही. पण “वयच झालं आता” एवढ्यावर कुणाचे दुखणे मिटवू नये. वडील माणसे आपणहून बोलत नाहीत. ह्या दिवाळीत फराळाला सारे जमतील, तेव्हा पाटावरून उठताना भिंतीचा आधार कोण घेते, इकडे जरा लक्ष ठेवावे.