शेतीपंप आणि देशाचे वीजजाळे

पुष्कळ गावांत वर्षानुवर्षे शेतीपंपाला वीज मिळत आली ती रात्रीची. "कारखान्यांना दिवसा वीज आणि आम्ही मात्र मध्यरात्री विंचूकाट्यात पाणी पाजायला जायचे, असे का?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गावच्या डीपीपाशी सापडत नाही. ती डीपी ज्या देशव्यापी वीजजाळ्याला जोडलेली आहे, त्या राष्ट्रीय ग्रीडची थोडी ओळख आपण करून घेऊ.

धान्य कणगीत साठवता येते, तशी वीज साठवता येत नाही. बॅटऱ्यांत किंवा पाणी उंचावर चढवून थोडीबहुत साठवतात, पण देशाच्या गरजेपुढे ती अल्पच. म्हणून ज्या क्षणी जितकी वीज वापरली जाते, तितकीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. ग्रीडला जोडलेली वीजकेंद्रांतील मोठी जनित्रे एकाच तालात फिरतात आणि त्या तालाचे माप म्हणजे सेकंदास ५० आवर्तने. अनेक बैलजोड्या एकाच जड नांगराला जुंपलेल्या असाव्यात, तसे हे आहे. जमीन कठीण लागली की सगळ्याच जोड्यांची चाल मंदावते. त्याप्रमाणे विजेची मागणी वाढून पुरवठा अपुरा पडला की आवर्तने ५०च्या खाली जातात. मागणी घटली की ती वर चढतात. ती ४९.९० ते ५०.०५ यांच्या दरम्यान राहावीत, असा आपल्याकडे नियम आहे.

हा ताल सांभाळण्यासाठी भार प्रेषण केंद्रे रात्रंदिवस जागी असतात. राज्याराज्यांची केंद्रे निराळी. त्यांच्या वर विभागीय केंद्रे आणि सर्वांच्या वर दिल्लीचे राष्ट्रीय केंद्र. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा पश्चिम विभाग मुंबईहून, तर कर्नाटक, तेलंगण वगैरे राज्यांचा दक्षिण विभाग बंगळूरहून सांभाळला जातो. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरली व लगेच पुन्हा चढली. जलविद्युत केंद्रे झटपट कमी-जास्त करून या केंद्रांनी तो प्रसंग निभावला.

हे जाळे एका दिवसात विणले गेले नाही. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथून सुमारे १५० किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज नेली, तेव्हा ती एका खाणीसाठी ओढलेली एक वाट होती. १९४८च्या कायद्याने राज्य वीज मंडळांचा मार्ग मोकळा झाला व १९६०नंतरच्या दशकात देशाचे पाच वीजविभाग पाडले गेले. प्रत्येक विभागाचा ताल निराळा. १९८९ साली विभागांना जोडणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्यांसाठी केंद्र सरकारने स्वतंत्र महामंडळ स्थापले. १९९१ साली पूर्व व ईशान्य, २००३ साली पश्चिम आणि २००६ साली उत्तर विभाग एका तालात आले. शेवटी ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण विभाग जोडला गेला आणि सारा देश एक ग्रीड झाला.

इतका प्रचंड दाब कशासाठी? दाब दहापट वाढवला तर तितकीच वीज नेण्यास प्रवाह दहावा हिस्सा पुरतो आणि तारा तापून होणारी तूट शंभरावा हिस्सा होते.

एकीत बळ आहे, तशी जोखीमही आहे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील राज्ये नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. त्या भाराखाली बीना-ग्वाल्हेर ही वाहिनी सुटली, तिचा भार इतर वाहिन्यांवर पडला आणि त्याही एकामागून एक सुटल्या. ३१ तारखेला उत्तर, पूर्व व ईशान्य हे तिन्ही विभाग अंधारात गेले. सुमारे ६० कोटी लोकांना त्याची झळ बसली.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. कोळशाचे केंद्र रात्री बंद करून सकाळी सहज पेटवता येत नाही. दिवसा मागणी जास्त, रात्री कमी. म्हणून शेतीपंपांचा भार रात्रीकडे ढकलला गेला. ग्रीडचा तोल साधला, पण त्याची किंमत शेतकऱ्याने झोपेने आणि सर्पदंशाच्या भीतीने मोजली. आता सौर विजेमुळे दुपारची वीज वाढली आहे. त्यामुळे शेतीचे फिडर सौर विजेवर चालवून दिवसा पाणी देणे ग्रीडच्याही सोयीचे झाले आहे. महाराष्ट्राची २०१७ची सौर कृषी वाहिनी योजना आणि केंद्राची २०१९ची पीएम-कुसुम योजना याच मार्गाच्या आहेत. आपला फिडर त्यात आहे की नाही, याची चौकशी गावाने मिळून वीज कार्यालयात करावी.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. आवर्तने साऱ्या देशाची असतात. पण व्होल्टेज पडून मोटर जळते, तेव्हा दोष बहुधा आपल्याच डीपीचा व तारांचा असतो. त्यासाठी आपल्या हाती असलेले उपाय असे:

१. स्टार्टरला ऑटो स्विच लावू नये. वीज येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, तो धक्का डीपीला सोसत नाही. पाळीपाळीने मोटर सुरू करावी.

२. योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा. पाच अश्वशक्तीच्या मोटरला साधारणतः दोन केव्हीएआरचा लागतो. त्याने तारांतील प्रवाह कमी होऊन व्होल्टेज सुधारते.

३. एक फेज गेल्यास मोटर आपोआप बंद पडेल अशी सोय स्टार्टरमध्ये असावी.

४. आकडा टाकू नये, मंजुरीपेक्षा मोठी मोटर लावू नये. जास्तीचा भार शेजाऱ्याच्या मोटरीवर बसतो.

२०१२ साली राज्याराज्यांत जे घडले, तेच लहान प्रमाणात प्रत्येक डीपीवर घडत असते. एकाने हिश्शाबाहेर ओढले की अंधार सर्वांच्या वाट्याला येतो.