घरात दोन भाषा, पुस्तक तिसरीत

भुसावळहून खांडव्याकडे जाताना नेपानगर स्टेशन लागतं. गाव मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, पण महाराष्ट्राची हद्द जवळच. वृत्तपत्री कागदाचा देशातला पहिला कारखाना इथला. पंडित नेहरूंनी १९५६ साली तो राष्ट्राला अर्पण केला. मध्यंतरी काही वर्षं बंद पडलेलं उत्पादन २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं.

देशाला छापायला कागद पुरवणाऱ्या या गावात मराठी घरातला मुलगा प्रोग्रॅमिंग शिकायला बसतो, तेव्हा घरी मराठी, शाळेत हिंदी आणि हातातलं पुस्तक बहुधा इंग्रजी असतं. हिंदीच्या जागी कन्नड घातलं की हे आपल्याच घरातलं चित्र होतं. सीमा वेगळी, अडचण तीच.

मध्य प्रदेशात यावर काही उपाय झाले. भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठाचे डीसीए, पीजीडीसीए हे अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून चालतात आणि त्यांची पुस्तकं हिंदीतही मिळतात. महाराष्ट्रात २००१ साली आलेल्या एमएस-सीआयटीने अनेक घरांत मराठीतून संगणकाची ओळख करून दिली. पण संगणक वापरणं वेगळं आणि त्याला काम सांगणं वेगळं. खरी परीक्षा दुसऱ्या टप्प्यावर होते.

मुलाला तिथे इंग्रजी शब्द अडवतात, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात 'सी' या भाषेच्या १९८९ च्या प्रमाण रूपात राखीव शब्द अवघे ३२ आहेत. ते पाठ व्हायला वेळ लागत नाही. मूल अडतं ते त्यामागच्या कल्पनेशी. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'आय = आय + १'. गणिताच्या तासाला शिकलेलं मूल म्हणतं, हे कसं शक्य आहे? मग त्याला घरच्या भाषेत सांगावं, की 'आय' हा एक डबा आहे. डब्यात जे आहे त्यात एक मिळव आणि परत त्याच डब्यात ठेव. कन्नड बोलणाऱ्या आजीलाही 'डब्बी' म्हटलं की हे कळेल. जी ओळ इंग्रजी परिच्छेदात दोनदा वाचूनही उमगली नव्हती, ती स्वयंपाकघरात उमगते.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' हे पुस्तक इंग्रजीत असूनही लहान गावांतल्या मुलांना आपलं वाटलं, ते त्याच्या साध्या, बोलल्यासारख्या भाषेमुळे. उलट, पुस्तक मराठीत आणलं पण प्रत्येक पारिभाषिक शब्द जड संस्कृतात घातला, तर मुलाची अडचण तशीच राहते.

दोन भाषांचं घर इथे उपयोगी पडतं. प्रोग्रॅमला मराठीत 'आज्ञावली' म्हणतात, तर कन्नडमध्ये 'क्रमविधी'. पहिला शब्द सांगतो, की या आज्ञा आहेत. दुसरा सांगतो, की त्या क्रमानेच पाळायच्या आहेत. दोन्ही शब्द जाणणाऱ्या मुलाला अर्धी व्याख्या घरातच मिळाली!

आज साधनांचीही तेवढी वानवा नाही. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. परिषदेच्या ई-कुंभ संकेतस्थळावर मराठी आणि कन्नडसह बारा भारतीय भाषांतली पुस्तकं विनामूल्य ठेवली आहेत. जुनं पुस्तक हाती आलं, तर मात्र आधी आवृत्तीचं वर्ष पाहावं. टर्बो सीच्या काळातली उदाहरणं आजच्या संगणकावर जशीच्या तशी चालतीलच असं नाही. मुलाने ओळ बरोबर उतरवलेली असते, तरी चूक दिसते आणि ते स्वतःलाच दोष देतं.

पालकांना प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही. संध्याकाळी मुलाला एवढंच सांगावं, "आज जे वाचलंस ते मला मराठीत सांग, नाहीतर कन्नडमध्ये." सांगताना ते जिथे अडखळेल, ते पान उद्या पुन्हा वाचायचं. आणि निकाल लागल्यावर 'आमच्या मुलाला संगणक जमत नाही' असं म्हणण्याआधी एकदा तपासावं, की त्याला विषय जमला नाही, की फक्त पुस्तकाची भाषा?