डॉक्टरांची मदतनीस की स्वतः डॉक्टर? वाट बदलण्याआधी



आपल्या शिर्डी-राहाता भागात दवाखान्यांची कमी नाही. शिर्डीत संस्थानची रुग्णालयं आहेत, जवळच लोणीला प्रवरेचं मेडिकल कॉलेज आहे. त्यामुळे बारावी झालेली मुलगी पांढरा कोट घालून कामाला जाताना आपण रोज बघतो. कुणी नर्सिंग करते, कुणी लॅब टेक्निशियन होते, कुणी ‘फिजिशियन असिस्टंट’ नावाचा कोर्स घेते. आणि दोन वर्षं झाली की घरी येऊन म्हणते, “आई, मला हे नाही करायचं, मला डॉक्टर व्हायचंय.”

गटाच्या बैठकीत हा विषय आम्ही अनेकदा ऐकला आहे. हार गुंफून, लॉजवर काम करून, पेरूच्या बागेत रोजंदारी करून आईनं फी भरलेली असते. तिच्या पोटात गोळा येतो. मुलीला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायचं धाडसही होत नाही. म्हणून आज आपण हाच विषय नीट समजून घेऊ.

आधी फिजिशियन असिस्टंट म्हणजे काय ते पाहू. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंटची माहिती घेणं, प्राथमिक तपासणी करणं, रिपोर्ट लावून ठेवणं, ऑपरेशनच्या वेळी हाताखाली मदत करणं ही त्यांची कामं. अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात हा कोर्स सुरू झाला. पहिल्या तुकडीत नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले जवान होते. आपल्या देशात तो १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये आला, हृदयाच्या ऑपरेशनसाठी हाताशी शिकलेली माणसं हवीत म्हणून. २०२१ साली केंद्र सरकारनं आरोग्य क्षेत्रातल्या अशा सगळ्या कामांसाठी कायदा केला. त्यातही या कामाची नोंद आहे. म्हणजे हे काम मानाचं आहे, गरजेचं आहे. पण ही मुलगी स्वतंत्र दवाखाना काढू शकत नाही आणि नावापुढे डॉक्टर लावू शकत नाही. नर्सिंगचं आणि इतर पॅरामेडिकल कोर्सचंही तसंच.

आता मुख्य प्रश्न. असा कोर्स केलेल्या मुलीला एमबीबीएसच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो का?

नाही. आपल्या देशात असा जोडरस्ता नाही. डिप्लोमा केलेल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ते आपल्याला माहीत आहे. डॉक्टरकीत तसं नाही. नर्सिंगची चार वर्षं झाली असोत की असिस्टंटचा पूर्ण कोर्स, एमबीबीएसची सुरुवात पहिल्या वर्षापासूनच. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, मिळून साडेपाच वर्षं. अमेरिकेत एका कॉलेजात असिस्टंट झालेल्यांना चार वर्षांऐवजी तीन वर्षांत डॉक्टर होण्याची सोय आहे. कुणी मोबाईलवर ते वाचून सांगेल. पण ते तिथलं झालं.

पूर्वी आपल्याकडेही दोन पायऱ्या होत्या. इंग्रजांच्या काळात कमी मुदतीचा कोर्स केलेल्यांना लायसेन्शिएट म्हणत. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमधून असे डॉक्टर बाहेर पडत. १९४६ साली भोर समितीनं मोजणी दिली, तेव्हा देशातल्या सुमारे ४७ हजार डॉक्टरांपैकी जवळजवळ ३० हजार लायसेन्शिएट होते. समितीनं सांगितलं की डॉक्टर एकाच प्रकारचा असावा. त्याच वर्षी बी. जे. स्कूलचं कॉलेज झालं. जुन्या लायसेन्शिएटांना एमबीबीएस होता यावं म्हणून पुढे कमी मुदतीचे कोर्सही काढले गेले. ती पायरी त्यांच्याबरोबरच संपली. म्हणून आज कुणी एजंट म्हणाला, “तुमची मुलगी नर्सिंगला आहे ना, मग तिला मधूनच एमबीबीएसला घालून देतो,” तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

मग दार कोणतं? दार एकच, नीटची परीक्षा. एमबीबीएस, दातांचं बीडीएस, आयुर्वेदाचं बीएएमएस, होमिओपॅथीचं बीएचएमएस, सगळ्यांना नीट लागते. मॅनेजमेंट कोट्यातली जागासुद्धा नीटशिवाय मिळत नाही. परीक्षा वर्षातून एकदा, साधारण मे महिन्यात होते. १८० प्रश्न आणि ७२० गुण. त्यातले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, बाकीचे भौतिक आणि रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा. पेपर मराठीतही घेता येतो, पण फॉर्म भरतानाच ती भाषा निवडावी लागते.

वयाची काळजी बऱ्याच आया करतात. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत, एवढीच अट. वरची वयोमर्यादा २०२२ साली काढून टाकली आहे. किती वेळा बसायचं यालाही बंधन नाही. आणि वय झालं असं वाटत असेल तर डॉक्टर रखमाबाईंचं नाव आठवा. १८६४ सालचा त्यांचा जन्म. नको असलेल्या बालविवाहाविरुद्ध कोर्टात लढून झाल्यावर, वयाच्या पंचविशीत त्या लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या.

आता एक गाठ नीट बघा. नीटला बसायला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के गुण हवेत. एएनएम किंवा जीएनएमला आर्ट्सच्या मुलीही जातात. अशा मुलीला आधी सायन्सचे विषय पास व्हावे लागतील. बारावीनंतर हे विषय जादा विषय म्हणून दिले तरी चालतात, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२३ साली ठरवलं. मुक्त विद्यालयातूनही ते देता येतात. रस्ता आहे, पण एक-दोन वर्षं जास्तीची धरा.

पुढची गोष्ट कडू आहे, पण सांगितलीच पाहिजे. नीट पास होणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलांनी ही परीक्षा दिली. देशात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या जास्त, आणि त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. “मुलगी क्वालिफाय झाली” म्हणून पेढे वाटले आणि जागा मात्र लागली नाही, असं घरोघरी होतं. म्हणून मुलीला विचारायचं ते असं: सरकारी कॉलेजची मागच्या वर्षीची शेवटची जागा आपल्या गटात किती गुणांना लागली, आणि घरी घड्याळ लावून सोडवलेल्या सराव पेपरात तुला किती पडतात? दोन आकड्यांमधलं अंतर कागदावर लिहा. अंतर थोडं असेल तर एक वर्ष द्यायला हरकत नाही. अंतर खूप मोठं असेल तर कोर्स सोडायची घाई नको.

पैशाचं बघू. सरकारी कॉलेजची फी वर्षाला साधारण लाख-दीड लाखाच्या घरात जाते. खासगी कॉलेज आणि अभिमत विद्यापीठात ती कित्येक लाखांत असते. पण ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं मुलींना मोठा आधार दिला आहे. आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं. अट अशी की प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. हॉस्टेल, मेस, पुस्तकं यांचा खर्च मात्र वेगळा धरायचा. त्यासाठी शैक्षणिक कर्ज मिळतं. सरकारी हमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही. घर किंवा शेत गहाण टाकायच्या आधी बँकेत एकदा विचारा. धाकटी मुलगी आत्ताच दहावी झाली असेल आणि घर ओबीसी किंवा भटक्या-विमुक्त गटात असेल, तर महाज्योती संस्था नीटची तयारी मोफत करून घेते. तिचा अर्ज वेळेत भरा.

चालू कोर्स सोडण्याआधी तीन कामं करा.

पहिलं, प्रवेशाच्या वेळी सही केलेले कागद काढून वाचा. कोर्स मध्येच सोडला तर उरलेल्या सगळ्या वर्षांची फी भरा, असं काही ठिकाणी लिहून घेतात. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलीचे मूळ दाखले कॉलेजनं महिनोन्‌महिने अडवून ठेवले होते. पदवीच्या कॉलेजला मूळ कागद असे ठेवून घेता येत नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

दुसरं, दाखले आत्तापासून जमवा. अधिवास, उत्पन्न, जात, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर. जात वैधतेला महिने लागतात. निकालानंतर सेतू केंद्रात धावाधाव करून काही होत नाही.

तिसरं, वर्षांचा हिशेब मांडा. समजा मुलगी वीस वर्षांची आहे, कोर्सची दोन वर्षं झाली आहेत. आत्ता सोडून एक वर्ष तयारी केली आणि जागा लागली, तर साडेसव्वीसाव्या वर्षी ती डॉक्टर होईल. चार वर्षांचा कोर्स पुरा करून मग तयारी केली, तर साडेअठ्ठावीसाव्या वर्षी. दोन वर्षं जास्त जातील, पण हातात पदवी असेल. नीट जमली नाही तरी नोकरी आहे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष बंधपत्राची सरकारी सेवा असते, तीही मोजा. त्या सेवेत पगार मिळतो.

आमचं मत विचाराल तर असं. घरात दुसरी कमाई नसेल तर चालू कोर्स पुरा करावा आणि सोबत नीटचा अभ्यास करून बघावा. घरचं भागत असेल आणि सराव पेपरातले गुण जवळ आले असतील, तर एक वर्ष, फार तर दोन, असं आधीच ठरवून द्यावं. ‘बघू पुढच्या वर्षी’ असं करत चार वर्षं गेली की मुलगी खचते आणि घर कर्जात जातं. आणि बीएएमएसचा विचार कमी समजू नका. तीही साडेपाच वर्षांची डॉक्टरकीच आहे.

आणखी एक बोलायचं आहे. आपल्याकडे मुलीनं वर्ष मागितलं की पहिला प्रश्न लग्नाचा येतो. मुलानं तेच वर्ष मागितलं तर कुणी विचारत नाही. तयारीच्या वर्षात स्थळं बघणार नाही, असा शब्द मुलीला द्या आणि पाळा. पाण्याची, स्वयंपाकाची, धाकट्या भावंडांची कामं घरात वाटून घ्या. गटानंही हातभार लावावा. फॉर्मची फी, पुस्तकं, नाशिक किंवा संभाजीनगरला फेरीसाठी जायचं भाडं यासाठी अंतर्गत कर्ज देता येतं. बैठकीच्या खोलीत दुपारी दोन-तीन मुली शांत बसून अभ्यास करू शकतात, त्याला तर पैसाही लागत नाही.

शेवटी, मुलीनं सगळा हिशेब बघून असिस्टंट किंवा नर्स राहायचं ठरवलं, तर ते हरणं नव्हे. रात्री दोन वाजता पेशंटजवळ उभी असते ती हीच मुलगी. आणि डॉक्टर व्हायचं ठरवलं, तर तिनं वॉर्डात काढलेली दोन वर्षं कागदावर मोजली जाणार नाहीत, पण पेशंटशी कसं बोलायचं ते तिला आधीच आलेलं असेल.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. ज्या घरी अशी मुलगी आहे, त्या ताईंना कागद-पेन घेऊन बसवा.