तुऱ्यावरची खपली

सकाळचे दहा वाजलेत, तरी आश्विनातलं ऊन आताच चटके देतंय. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यापुढे कडुनिंबाखाली गर्दी आहे. आज आठवडी बाजार. खोड्यात एक जर्सी गाय उभी, तिच्यामागे दोन म्हशी, मग शेळ्या. शेण आणि फिनेलचा वास एकमेकांत मिसळलाय. कोंबड्या घेऊन आलेली माणसं भिंतीकडेला उकिडवी बसलीत. त्यांचा नंबर शेवटी.

माझ्या शेजारी एक आजी. मांडीवर डालगं, त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. टोक उचलून त्या आत दाखवतात. तांबडा गावरान कोंबडा. मान ताठ, पण उजवा डोळा मिटलेला. तुऱ्यावर काळपट, खडबडीत गाठी, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही तुरीएवढ्या. पापणीच्या कडेलाही दोन.

"भांडला आसंल म्हनून हळद-तेल लावलं," आजी सांगतात. "पर आज हितं, उद्या तितं. वाढतच चाललंय."

पलीकडे एक शाळकरी पोरगा कोंबड्याला छातीशी धरून बसलाय. त्याच्या शर्टावर रक्त. तुऱ्याचं एक टोक फाटलंय. परिचर बाहेर येतो आणि रांग मोडून त्याला आधी आत घेतो. कुणी तक्रार करत नाही. मीही मागोमाग व्हरांड्यात जातो.

डॉक्टर बाई कोंबड्याचे दोन्ही पंख अंगाशी दाबून धरायला सांगतात. जखमेवर स्वच्छ कापसाची घडी ठेवून अंगठ्यानं दाब देतात. घड्याळाकडे बघत राहतात, मध्येच उचलून बघत नाहीत. तुऱ्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. कोंबड्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो तुऱ्यातूनही बाहेर टाकतो. म्हणून तिथं जरासं फाटलं तरी भळाभळा वाहतं. रक्त थांबतं. मग मिठाच्या कोमट पाण्यानं धुणं, वर आयोडीनचं तांबूस औषध.

"सुकेपर्यंत वेगळा ठेव रे बाळा," बाई म्हणतात. "लाल दिसलं की बाकीचे तिथंच टोच्या मारतात."

आजींचा नंबर लागतो तेव्हा साडेअकरा झालेत. पत्रा तापलाय. पंखा फिरतोय, वारा लागत नाही. बाई कोंबडा टेबलावर घेत नाहीत, खिडकीशी नेतात. उजेडात त्याचं तोंड डावीकडून बघतात, मग उजवीकडून. गाठीवर हलकेच बोट फिरवतात. चोच उघडून जिभेखाली, घशात बॅटरीचा झोत टाकतात. तिथं पिवळट, दह्याच्या कवडीसारखा थर असेल तर श्वास कोंडतो आणि पक्षी दगावू शकतो. घसा गुलाबी आहे. नाकाला चिकट पाणी नाही, घाण वास नाही, गाल सुजलेला नाही. म्हणजे सर्दीचा रोगही नाही.

"आजी, ही भांडणाची जखम नव्हे. देवी आहेत."

टोचीची जखम एका जागी असते, तिथं रक्त सुकलेलं दिसतं. देवीच्या गाठी एकामागून एक उठतात. आधी फिकट फोड, मग पिवळट, मग काळपट खपली. दुरून दोन्ही सारखंच काळं दिसतं. मी जवळून बघतोय म्हणून फरक कळतोय.

"मंग सुई द्या की."

"याला मारणारं औषध नाही. आपोआप बरं होतं, तीन-चार आठवडे लागतात. डोळा तेवढा जपायचा."

बाई कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पापणीवर धरून ठेवतात. चिकटलेली कड हळूहळू सुटते. आतला डोळा पिवळा, ओला, शाबूत. आजी श्वास सोडतात. डोळ्यात मलम जातं. आजींचं बोट सवयीनं तुऱ्यावरच्या खपलीकडे जातं, बाई त्यांचा हात धरतात. खपली ओढून काढायची ही सवय घराघरांत आहे आणि ती मोडायलाच हवी. खालून रक्त येतं, आणि पडलेल्या खपलीत रोग महिनोन्‌महिने जिवंत राहतो. बाकीचं काम डास करतात. पाऊस सरल्यावर खुराड्याभोवती साचलेलं डबकं त्यांना पुरतं.

परिचर लशीची दुतोंडी सुई दाखवतो. पिल्लं ६ ते ८ आठवड्यांची झाली की ती पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. ७ ते १० दिवसांत तिथं बारीक गाठ उठली म्हणजे लस लागली. आजी पदर सरकवून दंड पुढे करतात. त्यावर दोन गोल व्रण. "आमाला बी टोचल्या व्हत्या." माणसांची देवी जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. कोंबड्यांची देवी वेगळ्या विषाणूची, ती माणसाला होत नाही. हे ऐकून आजी नातवंडांचं नाव घेतात आणि हात जोडतात.

दाराशी त्यांची दुसरी पिशवी आहे. तिच्यातून दोन तलंगांच्या माना बाहेर आलेल्या. बाजारासाठी आणलेल्या.

"ह्या एकाच खुराड्यातल्या?"

"व्हय."

"आज विकू नका, आजी. दुसऱ्याच्या खुराड्यात जाईल. परवा मी तिकडं येतेय, बाकीच्यांना टोचून घेऊ."

आजी काही बोलत नाहीत. डालग्यावर लुगडं बांधतात, गाठ दोनदा तपासतात. फाटकाबाहेर डावीकडे बाजार भरलाय, भोंग्यावर कांद्याचा भाव ऐकू येतोय. त्या क्षणभर थांबतात. मग पिशवी खांद्याला लावून उजवीकडे, वडाप लागतं त्या फाट्याकडे चालू लागतात.