एक किलो म्हणजे किती नाणी?

सायकलच्या दुकानात गेल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय करता? मला माहितेय! एका हातानं हँडल, दुसऱ्यानं सीट धरून सायकल उचलून बघता. एखादी अगदी अलगद उचलली जाते, की झालं. मग दुसरी कुठली डोळ्यांत भरतच नाही. "बाबा, हीच घेऊ या!"

आजोबांच्या काळची ती काळी, दांडीची, पोलादी सायकल आठवा. तिचं वजन वीस किलोच्या आसपास. शर्यतीची सायकल सात किलोच्या आसपास. म्हणजे जवळजवळ तिप्पट फरक. मग शर्यतीची सायकल तिप्पट जोरात पळते का?

नाही पळत. उचलताना सायकल एकटी असते, पण चालवताना वर तुम्ही बसलेले असता. तुम्ही चाळीस किलोचे आणि सायकल पंधराची, तर पायांना ओढायचे असतात पंचावन्न किलो. सायकल एका किलोनं हलकी घेतली तर पंचावन्नाचे चोपन्न होतात. हाताला जो फरक मोठा वाटला, तो पायांना फार जाणवत नाही.

आता खिशातून दहा रुपयांचं एक नाणं काढा. तळहातावर ठेवा. ते साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. आज आपण सायकलचं ओझं या नाण्यांत मोजू या.

रस्ता सपाट आणि डांबरी आहे, टायरमध्ये हवा नीट भरलेली आहे. सायकलवर एक किलो ओझं वाढवलं. पुढे जाताना तुम्हाला किती जास्त जोर लावावा लागेल? जवळपास एका नाण्याच्या वजनाएवढा. बस्स! कारण सपाट रस्त्यावर वजन वर उचलायचं नसतंच, फक्त पुढे न्यायचं असतं. त्या वजनानं टायर जरा जास्त दबतो, आणि तेवढाच काय तो अडथळा वाढतो.

आता घाट लागला. शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर वर चढायचंय. इथे तोच एक किलो दहा-अकरा नाण्यांएवढा मागे ओढतो. म्हणून घाटात वजन खरंच भारी पडतं, आणि डोंगरातल्या शर्यतीला निघालेले लोक पाण्याच्या बाटलीचाही हिशोब करतात. तरी तुमचा पंचावन्न किलोंचा हिशोब विसरू नका. चढायला वीस मिनिटं लागत असतील, तर एक किलो कमी केल्यावर वाचतील वीस-बावीस सेकंद.

आणि वारा? सपाट रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरच्या वेगानं ताठ बसून सायकल चालवलीत, तर हवा तुम्हाला सुमारे शंभर नाण्यांएवढी मागे ढकलते! शंभर! तुम्हाला ती दिसत नाही, पण शर्ट फडफडतो ना, ती तीच. वेग दुप्पट केला की हा अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो.

याची एक खरी गोष्ट सांगते. बेल्जियमचा एडी मर्क्स हा फार मोठा सायकलपटू. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत त्यानं एका तासात किती अंतर कापता येतं याचा विक्रम केला. सायकल हलकी व्हावी म्हणून हँडलला भोकं पाडली होती, चेनलासुद्धा! सायकल सहा किलोंच्याही आत बसवली. शिवाय ते शहर इतक्या उंचावर आहे की तिथली हवा विरळ. मर्क्सनं तासाभरात जवळजवळ साडेएकोणपन्नास किलोमीटर गाठले.

पुढे २००० सालापासून नियमच आला, की शर्यतीची सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी नको. म्हणजे २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये विक्रमाला उतरलेल्या इटलीच्या फिलिप्पो गान्नाची सायकल मर्क्सच्या सायकलपेक्षा जडच होती. हवाही मेक्सिकोइतकी विरळ नव्हती. तरी त्यानं तासात ५६.७९२ किलोमीटर कापले! त्याची सायकल, हेल्मेट, अंगावरचे कपडे, वाकून बसण्याची पद्धत, सगळं हवा कापण्यासाठी घडवलेलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. एकानं ग्रॅम-ग्रॅम वजन काढून टाकलं, दुसऱ्यानं वाऱ्याला वाट करून दिली.

हो, पण हलकी सायकल चालवताना मजा येते, हे खोटं नाही. सिग्नलवरून निघताना ती चटकन उठते, वळवताना हाताला हलकी लागते, जिन्यावरून नेताना खांदा दुखत नाही. त्यातही चाकांची गंमत वेगळीच. रिम आणि टायर पुढेही जातात आणि गोलही फिरतात, म्हणून वेग घेताना तिथला एक किलो जवळजवळ दोन किलोंएवढा वाटतो. जाडजूड टायरची सायकल निघताना सुस्त वाटते ती यामुळेच. आणि आजोबांची सायकल? ती निघायला वेळ लावते, पण एकदा निघाली की पायडल थांबवल्यावरही आपल्या तालात कितीतरी पुढे जात राहते.

करून बघायचंय? रहदारी नसलेला, हळूहळू उतरत जाऊन सपाट होणारा एक रस्ता शोधा. मोठ्या माणसाला बरोबर घ्या. वर सायकलवर बसा, पायडल न मारता ती सोडा आणि ती जिथे थांबेल तिथे खडूनं रेघ ओढा. मग कॅरिअरला पाण्यानं भरलेल्या दोन लिटरच्या दोन बाटल्या घट्ट बांधा आणि त्याच जागेवरून पुन्हा सोडा. जड सायकल जरा पुढेच गेलेली दिसेल, कारण उतारावर वजन तुम्हाला खाली ओढतं आणि वारा अडवणारं तुमचं अंग मात्र तेवढंच असतं. आता बाटल्या काढा, दोन्ही टायरमधली हवा थोडी कमी करा आणि तिसरी रेघ कुठे पडते ते बघा.