रूथचा सरवा: बायबल त्याच्या काळात वाचताना

बायबलचा उतारा हाती घेतला की आधी विचारावे: हे कोणाला, कोणत्या परिस्थितीत सांगितले? ‘माझ्यासाठी काय?’ हा प्रश्न त्यानंतरचा. क्रम उलटला, तर आपलेच मत ग्रंथाच्या तोंडी घातले जाते. मूळ ग्रंथापर्यंत जाण्याचे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई: त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून मराठी बायबल तयार केले. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रूथचे पुस्तक घ्या. परदेशी, मवाबी विधवा रूथ बेथलेहेमात बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसे, वेचते. वरवर ही मालकाची मेहेरबानी वाटते. पण लेवीय १९ आणि अनुवाद २४ नुसार शेताची कड कापायची नसे, विसरलेली पेंढी आणायला परतायचे नसे. तो वाटा परके, अनाथ, विधवा यांचा. बवाज नियमाच्याही पुढे जातो: गड्यांनी तिला त्रास देऊ नये, पाणी पिऊ द्यावे, मुद्दाम काही ताटे टाकावीत, असे सांगतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळ्यात कपाशीच्या वेचणीत हे वाचणाऱ्याने स्वतःला लगेच रूथ समजू नये. शेत आपले असेल, तर आपण बवाजाच्या जागी आहोत. मजुरी वेळेवर दिली का, वेचणाऱ्या बायांना पाणी, सावली आणि निर्धास्तपणा मिळाला का, हे तपासणे म्हणजेच तो उतारा आचरणात आणणे.